‘आंबणे’ : एका शब्दाची जातकुळी

‘आंबणे’ हे क्रियापद मराठीत कुठे कुठे राबते, ह्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. पीठ आंबते, ताक आंबते आणि दिवसभर खडी फोडून घरी परतलेल्या बाईचे अंगही आंबते. धान्याला आणि देहाला एकच क्रियापद लावणारी ही भाषा पंडितांच्या ओसरीवर घडलेली नाही. ती राबणाऱ्यांच्या तोंडी घडली, असे मी मानतो.

शब्दाचे मूळही हेच सांगते. संस्कृतातील ‘अम्ल’ म्हणजे आंबट. पाली-प्राकृतात त्याचे ‘अंबिल’ झाले. ‘आम्र’चा आंबा झाला, ‘ताम्र’चे तांबे झाले, तसाच येथेही ‘म’ला लागून ‘ब’ आला. आपली ‘आंबील’ ही त्या ‘अंबिल’चीच लेक. ती पोथीतून उतरली नाही, लोकबोलीतून चालत आली.

जोंधळ्याचे किंवा नाचणीचे पीठ पाण्यात वा ताकात रात्रभर भिजत ठेवायचे आणि सकाळी मीठ-लसूण घालून शिजवायचे, की आंबील झाली. रात्रीतून सूक्ष्म जीव पिठातल्या साखरेचे आम्ल करतात. आम्ल वाढले की अन्न नासवणाऱ्या जंतूंचा टिकाव लागत नाही. अशा आंबण्यामागे जिवंत जीव असतात, हे लुई पाश्चरने १८५७ मध्ये मांडले. आपल्या आयांना हे जीव ठाऊक नव्हते. पण उन्हाळ्यात पीठ किती वेळ ठेवायचे आणि थंडीत किती, हे पक्के ठाऊक होते.

ह्या आंबटपणाला सामाजिक इतिहासही आहे. अंगुत्तर निकायातील सुखुमाल सुत्तात भगवान बुद्ध आपल्या पित्याच्या घराविषयी सांगतात. इतरांच्या घरी दासांना व कामकऱ्यांना कण्यांचे अन्न आणि जोडीला ‘बिलंग’ देत. पित्याच्या घरी मात्र त्यांनाही साळीचा भात व मांस मिळे. बिलंग म्हणजे आंबट कांजी. माणूस दास आहे की धनी, हे तेव्हाही ताटावरून ओळखू येत होते.

आता ‘आंबणे’ आणि ‘आंबवणे’ ह्यांतील भेद पाहा. ज्याच्या कणगीत धान्य आहे, तो पीठ आंबवतो. ज्याच्या पदरात येसकरपाळीची कालची भाकर पडते, त्याचे अन्न आंबते. पहिल्यात कर्त्याची इच्छा आहे. दुसऱ्यात ती नाही. जातिव्यवस्थेने आमच्या वाट्याला दुसरे क्रियापद दिले आणि वर आम्हांलाच शिळे खाणारे म्हणून हिणवले.

शाळेच्या पुस्तकात ह्याच क्रियेला ‘किण्वन’ म्हणतात. ‘किण्व’ हा शब्द कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मद्याच्या संदर्भात येतो. त्याला माझी हरकत नाही. पण ‘किण्वन’ पाठ करणाऱ्या मुलीला आपली आजी रोज तेच करते हे कोणी सांगत नाही. मग विज्ञान परक्याचे आणि आंबील तेवढी गरिबाची, असे तिला वाटू लागते. पुस्तकात ‘किण्वन म्हणजे आंबणे’ एवढे तीन शब्द छापले, तरी तिच्या घरातले ज्ञान वर्गात येईल.

आज शहरांत आंबील पौष्टिक म्हणून नावाजली जाते. जरूर नावाजावी. मात्र तिच्या चवीचे कौतुक करताना, ती कोणी आवडीने प्याली आणि कोणाला नाइलाजाने प्यावी लागली, हा प्रश्न विसरता कामा नये.