लेझर लेव्हल बरोबर आहे ना?

लेव्हलवरून वाद झाला की गवंडी पाण्याची नळी काढतो. फिरत्या लेझरची परीक्षा मात्र त्याच्याच किरणाने घेता येते.

भिंतीपासून 30 मीटरवर तिवई घट्ट रोवायची आणि भिंतीवर किरणाची खूण करायची. मग उंची न बदलता यंत्र 180 अंश फिरवून दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे चुकीची दुप्पट! 30 मीटरला ±1.5 मिमी अचूकतेच्या यंत्रात 3 मिमीपर्यंत फरक चालतो. त्यापुढे गेला, तर किरण दोन्ही खुणांच्या मध्यावर आणायचा. दुसऱ्या अक्षावरही हेच करायचं. घाईत नेमकी हीच पायरी गाळतात.

यंत्रावरचा दिवा लुकलुकत राहिला, तर आधी तिवई बघावी. बहुतेक यंत्रं 5 अंशांच्या आसपासचाच कल स्वतः सावरतात; शेजारी काँक्रीटचा व्हायब्रेटर चालू असला तरी ती अडतात.