पबमधला धूर आणि ड्यूटीवरची माणसं

‘पबमध्ये येणारा सज्ञान असतो, मर्जीनं येतो. धूर नको असेल त्यानं येऊ नये.’ बार, पब, डिस्को पूर्णपणे धूरमुक्त करण्याचा विषय निघाला की हा युक्तिवाद हमखास पुढे येतो. गिऱ्हाइकापुरता तो खराही आहे. पण त्या जागेत सर्वांत जास्त वेळ काढतात ते वेटर, बारटेंडर, डीजे, ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या बायका. गिऱ्हाईक दोन तासांत बिल भरून निघतं. यांची संध्याकाळी लागलेली ड्यूटी मध्यरात्र उलटली तरी संपत नाही. धूर नको म्हणून उठून जायची सोय त्यांना नाही.

या माणसांच्या छातीत काय होतं, हे कॅलिफोर्नियात तपासलं गेलं. तिथं 1 जानेवारी 1998 पासून बारमध्ये सिगारेट ओढायला बंदी आली. संशोधक मार्क आयझनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोतले 53 बारटेंडर बंदीच्या आधी आणि नंतर तपासले. आधी 39 जणांना खोकला, कफ, धाप, छातीत घरघर यांपैकी काही ना काही होतं. बंदीनंतर काही आठवड्यांतच त्यांतल्या 23 जणांच्या तक्रारी थांबल्या. नोकरी तीच होती, गेला होता तो धूर. पुढे 29 मार्च 2004 रोजी आयर्लंडनं देशभरातल्या पबमध्ये बंदी आणली, तीही कामगाराच्या आरोग्याच्या मुद्द्यावर. मला हाच मुद्दा निर्णायक वाटतो.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्याखाली 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू झालेल्या नियमांत पब, बार आणि डिस्को यांची नावं घेऊन बंदी आहे. मोडणाऱ्याला 200 रुपयांपर्यंत दंड. सोबत पळवाटही आहे. तीस किंवा जास्त आसनांच्या रेस्टॉरंटला वेगळी स्मोकिंग रूम ठेवता येते. तिला चारही बाजूंनी पूर्ण उंचीची भिंत हवी, आपोआप मिटणारं दार हवं, आतली हवा थेट बाहेर फेकली जावी आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असावा, म्हणजे दार उघडलं की हवा आत ओढली जाईल, धूर बाहेर येणार नाही.

नियम कागदावर चोख आहे. पण शनिवारी रात्री ते दार मिटायला उसंतच मिळत नाही. एक जण बाहेर पडतो तोवर दुसरा आत शिरतो, तिसरा दार धरून मित्राला हाक मारतो. बाहेर पडणाऱ्याच्या अंगासोबत धूर हॉलमध्ये येतो. आणि भरलेले ॲशट्रे कोणीतरी उचलतंच ना? तो पोऱ्या रात्रीतून कितीदा तरी त्या खोलीत जातो. 2020 च्या दुरुस्ती विधेयकाच्या मसुद्यात हॉटेल-रेस्टॉरंटची ही सवलत काढायचा प्रस्ताव होता. तो मंजूर व्हायला हवा होता.

हुक्क्याच्या बाबतीत महाराष्ट्रानं पाऊल उचललं, पण केव्हा? 29 डिसेंबर 2017 रोजी मुंबईतल्या कमला मिल्समधल्या पबच्या आगीत 14 जीव गेले. अग्निशमन दलाच्या चौकशीनं हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट दाखवलं आणि 2018 मध्ये राज्यात हुक्का पार्लरवर बंदी आली. बारटेंडरचा खोकला मात्र कोणत्याही पंचनाम्यात येत नाही.

विरोधकांचा एक आक्षेप मला रास्त वाटतो. आत बंदी केली की घोळका फुटपाथवर येतो आणि रात्री एक वाजता वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांची झोप उडते. त्यावर उपाय पबच्याच आवारात शोधावा लागेल: दारापासून लांब, खरोखर उघड्यावर एखादा कोपरा, जिथं पेय नेता येणार नाही आणि वेटरला पाठवता येणार नाही. ताडपत्री आणि काचा लावून बंद केलेल्या गच्चीला ‘ओपन एअर’ म्हणून परवानगी मिळता कामा नये. ज्यांच्याकडे अशी मोकळी जागा नाही, त्यांच्या गिऱ्हाइकानं ते दोन तास सिगारेटशिवाय काढावेत.