'सुधारलेली' फ्रेम : कोणासाठीं ?



गेल्या महिन्यांत माझा एक जुना विद्यार्थी एका जाहिरातीचें शुद्धलेखन तपासून घेण्यासाठीं माझ्याकडे आला. 'रेलून चालविण्याच्या सायकलची सुधारलेली फ्रेम विकणें आहे. स्थिति उत्तम.' लेखनांत चूक नव्हती. परंतु 'सुधारलेली' या शब्दापाशीं मी थांबलों. सुधारलेली खरी, पण कोणासाठीं ?

ही सायकल आपल्याकडे विरळा. तींत स्वार खुर्चींत रेलून बसतो व पायडलें त्याच्या पुढें असतात. वाऱ्यास अडणारें अंग कमी झाल्यामुळें सपाट रस्त्यावर तितक्याच श्रमांत अधिक वेग मिळतो. फ्रान्समध्यें शार्ल मोशे यानें बनविलेल्या अशा सायकलवर फ्रान्सिस फोर यानें १९३३ सालीं एका तासांत ४५.०५५ किलोमीटर अंतर तोडून १९१४ पासूनचा विक्रम मोडला. पुढल्याच वर्षीं आंतरराष्ट्रीय सायकल-संघानें तिला शर्यतींतून वगळलें.

साध्या सायकलची बैठक वरखालीं केली कीं ती पुष्कळांस चालते. येथें मात्र बैठकीच्या पाठीपासून पायडलांपर्यंतचें अंतर स्वाराच्या पायांशीं जुळावें लागतें. माझा विद्यार्थी उंच. त्यानें पायडलें धरणारी पुढील नळी लांब करून घेतली होती, आणि नव्या ब्रेकसाठीं मागें एक कान वेल्डिंग करून बसविला होता. जाहिरातींत यांतील एक अक्षरही नव्हतें.

"गुरुजी, हें लिहिलें तर किंमत उतरेल," तो म्हणाला.

"उतरेल," मीं म्हटलें. "तूं खर्च केलास तो तुझ्या पायांसाठीं, आखूड पायांच्या माणसानें तो कां भरावा? आणि वेल्डिंगचा सांधा रंगाखालीं झांकतां येतो. पण उतारावर तो सुटला, तर त्याची किंमत घेणाऱ्यास मोजावी लागेल."

मग आम्हीं जाहिरात पुन्हा लिहिली. फ्रेम पोलादाची आहे, हें प्रथम सांगितलें. कारण ॲल्युमिनियमच्या फ्रेमींत वेल्डिंगच्या उष्णतेनें सांध्याजवळचा धातु बहुधा मऊ पडतो. चाकांचें माप मिलिमीटरमध्यें दिलें. कारण 'वीस इंची' म्हणविणाऱ्या चाकांतही ४०६ व ४५१ अशीं दोन मापें आढळतात. सांध्यावरील रंग खरवडून त्याचें छायाचित्र जोडलें. शेवटीं, किती लांब पायांच्या स्वारास फ्रेम बसेल तें लिहिलें, आणि माप घेण्याची रीतही दिली : पाठ भिंतीस टेकून जमिनीवर बसावें, पाय सरळ पसरावे, व भिंतीपासून तळव्यापर्यंतचें अंतर मोजावें.

किंमत अर्थातच कमी लिहावी लागली. पहिल्या गिऱ्हाइकानें घरींच माप घेऊन 'मला बसणार नाहीं' असें कळविलें. त्याचा हेलपाटा वांचला. दुसऱ्याचें माप जुळलें आहे. तो येत्या रविवारीं सांधा डोळ्यांनीं पाहण्यास येणार आहे.