पितळेची पुंगळी लांब का होते?

मंडळी, मागच्या खेपेला आपण काडतुसाचे चार भाग पाहिले: पुंगळी, प्रायमर, दारू आणि गोळी. यातले तीन भाग एकदाच वापरायचे. पुंगळी मात्र उरते. अमेरिकेत नेमबाजीचा आणि शिकारीचा नाद असलेले कितीतरी लोक या रिकाम्या पुंगळ्या उचलून घरी आणतात आणि स्वतःपुरती पुन्हा भरतात. तिथल्या केंद्रीय कायद्यात स्वतःच्या वापरासाठी त्याला परवाना लागत नाही. विकायची असतील तर लागतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली दारूगोळा तयार करायला परवाना हवाच, तेव्हा घरी जाऊन कुणी प्रयोग करायचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. आज आपल्याला रस आहे तो धातूमध्ये.

ही पुंगळी ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त अशा पितळेची. बार उडाला की आतल्या वायूच्या दाबाने ती फुगते आणि चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते, त्यामुळे वायू मागे नेमबाजाच्या तोंडावर येत नाही. दाब उतरला की थोडी आक्रसते, म्हणून बाहेर ओढता येते. पण पूर्वीच्या मापावर काही ती परत येत नाही. मग तिला पोलादी डायमध्ये दाबून मूळ आकारात आणायचं. आता बघा, ओल्या कणकेची वळी मुठीत आवळली तर काय होतं? कणीक पुढे सरकते. पितळही तसंच, खांद्यावरून मानेकडे सरकतं. शिवाय मान आतून रुंद करणारा गोळा डायमधून परत वर येताना मानेला ओढतो. पुंगळी लांबते ती अशी. त्यामुळे माप घ्यायचं ते डायमधून काढल्यावर. आधी कापून ठेवली तर नंतर ती परत लांबणार.

किती लांब चालते? .३०८ विंचेस्टर या काडतुसाचं उदाहरण घेऊ. पुंगळीची कमाल लांबी २.०१५ इंच, आणि कापायची झाली तर २.००५ इंचांवर आणतात. फरक एका इंचाचा शंभरावा भाग, म्हणजे पाव मिलिमीटर. एवढ्याशाने काय बिघडतं, असं वाटेल. चेंबर पुढे जिथे अरुंद होतं तिथे लांब पुंगळीचं तोंड जाऊन अडकतं आणि गोळीवर आवळलं जातं. गोळी सुटायला जागा मिळत नाही आणि दाब भलताच वाढतो. बंदूक फुटण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते.

कापणं तसं सोपं. पुंगळी साच्यात पकडायची आणि हाताने फिरणारं पातं तोंडावर सरळ, काटकोनात चालवायचं. खरी नजाकत पुढे आहे. कारखान्यात काम केलेल्यांना ‘बर’ म्हणजे काय ते सांगायला नको. कापलेल्या कडेला आतबाहेर बारीक, धारदार कोर उभी राहते, तीच बर. बाहेरची राहिली तर पुंगळी डायमध्ये किंवा चेंबरमध्ये खरवडते. आतली राहिली तर गोळी बसवताना तिच्या तांब्याच्या आवरणाचा कीस निघतो. म्हणून शंकूच्या आकाराचं हत्यार आतून हलक्या हाताने दोनतीन वेळा फिरवायचं आणि त्याचंच दुसरं टोक बाहेरून. नवशिके इथेच चुकतात: चकचकीत दिसेपर्यंत फिरवत बसतात आणि तोंडाला सुरीसारखी धार आणतात. ते पातळ तोंड मग लवकर फाटतं. .४५ एसीपीसारखी पिस्तुलाची काडतुसं तर चेंबरमध्ये पुंगळीच्या तोंडावरच टेकतात, तिथे बर तेवढी काढायची, कड खायची नाही.

एका श्रोत्याने छान विचारलं, की वाढलेलं पितळ आलं कुठून? नवीन तर तयार होत नाही! बरोबर. ते आलं भिंतीतून, मुख्यतः बुडाच्या जरा वर, जिथे पुंगळी दर बाराला ताणली जाते. तिथे आतून कंकणासारखी खाच पडत जाते. कापून लांबी बरोबर झाली, तरी ती खाच तिथेच असते. माझ्या मते व्हर्नियरपेक्षा जास्त कामाची वस्तू म्हणजे टोक वाकवलेली साधी तार. ती आतून भिंतीवरून बुडापर्यंत फिरवायची. खाच लागली तर ती पुंगळी पुढच्या बाराला बुडापासून तुटू शकते.

मानेचा त्रास वेगळा. दाबून-फुगवून पितळ कडक होतं, हे पुण्याच्या तांबट आळीत कुणीही सांगेल. ठोकून कडक झालेलं भांडं तिथे भट्टीत तापवून मऊ करतात. पुंगळीचीही फक्त मान तापवतात. बूड तापवायचं नाही, ते कडकच हवं. कडक पितळेत ताण राहून गेला आणि त्याला अमोनिया लागला तर ते आपोआप तडकतं. इंग्रजी अमलात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेली काडतुसं अशी तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया त्याला कारण, हे १९२१ साली ब्रिटिश संशोधकांनी नीट मांडलं. म्हणून पुंगळ्या धुताना अमोनिया असलेलं पॉलिश वापरत नाहीत.

आणि बाद केलेली पुंगळी? तिचं तोंड पकडीने चेपून मगच भंगारात टाकतात, म्हणजे चुकून परत ढिगात मिसळत नाही.