खळगा भरून येत नाही

पिंपाभोवती फेऱ्या घालत काच घासायची असते. दोनशे लिटरचं रिकामं पिंप, हलू नये म्हणून त्यात भरलेलं पाणी, वर तीन लाकडी ठोकळ्यांमध्ये अडकवलेली काचेची जाड चकती. तिच्यावर थोडं पाणी, चिमूटभर कार्बोरंडम आणि वर दुसरी तशीच चकती. दोन्ही तळहात टेकवून ती पुढे-मागे रेटायची. पाच-सहा रेट्यांनंतर हातातली चकती थोडी फिरवायची आणि आपण एक पाऊल सरकायचं. पहिल्या दिवशी आवाज निघतो तो ओल्या वाळूवरून पत्रा ओढल्यासारखा. दुर्बिणीचा सहा इंची आरसा असा सुरू होतो. सावलीतल्या आमच्या पडवीतही तो असाच सुरू झाला.

सावली हे चंद्रपूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, वैनगंगेच्या अलीकडचं, भाताच्या मुलखातलं. गावाबाहेर बांधावर उभं राहिलं की अंधार अजून खरा अंधार असतो. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, याच आभाळातून पेटत्या रेघा सरकत गेल्या आणि शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरीला, धातूचं सुमारे तीन मीटर व्यासाचं कडं येऊन पडलं. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत, असं जाणकारांनी सांगितलं. त्यानंतर कितीतरी दिवस लोक अंगणात उभे राहून वर बघत होते. दुर्बीण हवी, असं मला तेव्हा वाटलं. आणि ती विकत आणण्यापेक्षा हातानं घडवावी, असंही.

महाराष्ट्रात ही विद्या नवी नाही. पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांना एकत्र आणते आहे. १९८८ मध्ये जयंत नारळीकरांनी उभारलेल्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेत अरविंद परांजपे यांनी दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेतल्या. त्यांत विद्यार्थी आणि शिक्षक स्वतः आरसा घासत, चकाकवत आणि आपली दुर्बीण घेऊन घरी जात. यंत्र लागत नाही, कारखाना लागत नाही. लागतात दोन चकत्या, काही डबे पावडर, भरपूर पाणी आणि महिना-दोन महिन्यांचा निगुतीचा वेळ.

आकार कसा येतो, हे सहाण पाहिलेल्या माणसाला पटकन कळतं. चंदन उगाळून उगाळून सहाण मधोमध खोलगट होते. इथे दोन्ही चकत्या सारख्याच मापाच्या. वरची पुढे सरकली की तिच्या मधल्या भागावर दाब येतो आणि खालचीची कड झिजते. म्हणून वरची खोलगट होते, खालची फुगीर. कुठल्याही दिशेला सरकवा, फिरवा, तरी सगळीकडे एकमेकींना टेकून राहतील असे दोन वक्र पृष्ठभाग म्हणजे गोलाचेच तुकडे. त्यामुळे केवळ हाताच्या रेट्यांतून, झिजता झिजता, काच आपोआप गोलाकडे जाते. १५० मिलिमीटर व्यासाच्या आणि १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या आरशाला मधोमध फक्त १.१७ मिलिमीटर खोली लागते. खडबडीत पावडरनं ती काही बैठकांत येते. खरं काम त्यानंतर सुरू होतं, ते गुळगुळीतपणाचं.

पावडरीचे नंबर असतात: ८०, १२०, २२०, ४००, ६००. नंबर वाढला की दाणा बारीक. शेवटी ॲल्युमिनियम ऑक्साइड, म्हणजे आपला कुरुंद, पिठापेक्षा मऊ दळलेला. कुरुंदाच्या दगडावर विळे-सुऱ्या परजणाऱ्या माणसांना हा पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. इंग्रजीतलं ‘कोरंडम’ हे नावही भारतीय भाषांतूनच तिकडे गेलेलं.

नंबर बदलले की गुळगुळीतपणा आपोआप येतो, असं मला सुरुवातीला वाटायचं. तसं होत नाही. घासताना दाणा दोन काचांमध्ये गडगडतो आणि काचेचा बारीक टवका उडवतो. मागे उरतो तो खळगा आणि त्याच्याही खाली, डोळ्यांना न दिसणारे तडे. पुढची पावडर हा खळगा भरत नाही. काचेत भरून येणं हा प्रकारच नाही. खळग्याच्या तळापर्यंत आजूबाजूची सगळी काच उतरवावी लागते. पुढचा दाणा बारीक, त्याचा टवका लहान, म्हणून हे उतरणंही सावकाश. १२० नंबरनं अर्ध्या तासात निघाला असता तो खळगा ६०० नंबरपर्यंत तसाच राहिला, तर त्याला दिवस लागतात. आणि चकाकी देताना तर तो जवळजवळ कायमचाच होतो.

म्हणून प्रत्येक नंबर संपला की नाही, हे घड्याळ सांगत नाही, डोळा सांगतो. चकती धुवायची, पुसायची, खिडकीच्या उजेडात तिरपी धरायची आणि भिंगानं मधोमध, मग अर्ध्यावर, मग कडेला पाहायचं. सगळीकडे खळगे एकाच मापाचे हवेत. एखादा मोठा दिसला, तर त्याच्याभोवती मागच्या बाजूनं पेनानं गोल करायचा आणि त्याच नंबरवर परत घासायचं. आवाजही सांगतो. करकर हळूहळू सरसर होते आणि शेवटच्या पावडरीला नुसती कुजबुज उरते.

नोव्हेंबरात, ४०० नंबरवर असताना, ती कुजबुज अचानक तुटली. एकच ‘खर्र’. हात थांबवले, चकती उचलली, धुतली. मधून कडेकडे गेलेला एक बारीक पांढरा ओरखडा. बाहेर धानाची मळणी चालू होती, धूळ उडत होती. पण दोष धुळीचा नव्हता. मी बादली बदलली नव्हती. तळाशी राहिलेला जाड पावडरीचा एक दाणा फडक्यातून काचेवर आला होता. २२० नंबरवर परत जावं लागलं आणि आठवड्याचं काम पुन्हा करावं लागलं.

त्या संध्याकाळी आजीला ओरखडा दाखवला. १९३६ साली गांधी सेवा संघाचं अधिवेशन इथे भरलं होतं, गांधीजी आले होते. आमचं गाव खादीचं म्हणून ओळखलं जायचं. आजीनं तरुणपणी पुष्कळ सूत कातलेलं. तिनं काचेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “पेळूत कचरा असन तर सूत कसं साजरं येईन, बापा?” तेव्हापासून नंबर बदलायच्या आधी बादली नवी, फडकं नवं, हात कोपरापर्यंत धुतलेले, नखं ब्रशनं घासलेली. चकतीची कडही कुरुंदाच्या दगडानं घासून बोथट केली, कारण धारदार कडेचा कपचा निघाला तर तोही ओरखडाच काढतो.

चकाकी देणं हे निराळंच काम. इथे खालच्या चकतीवर पिच ओततात. डांबरासारखं काळं, बोटानं टोचलं तर टणक, पण दाब ठेवला तर सावकाश वाहणारं. दुर्बिणीच्या आरशाला पिचवर चकाकी द्यायची रीत न्यूटननं वापरली आणि १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये लिहून ठेवली. पिचवर चौकटीच्या खाचा पाडायच्या, पाण्यात कालवलेलं सिरियम ऑक्साइड लावायचं आणि आरसा रेटायचा. दाणे पिचमध्ये रुततात, गडगडत नाहीत, म्हणून टवके उडत नाहीत. पाणी आणि सिरियम मिळून काचेचा अगदी पातळ थर रासायनिक क्रियेनं सैल करतात आणि तो निघून जातो. दुधी काच मधून उजळायला लागते आणि काही तासांच्या रेट्यांनंतर कडेपर्यंत पारदर्शक होते.

मग पारख. १८५८ मध्ये फ्रान्सच्या लिओं फुको यांनी शोधलेली युक्ती आजही घराघरांत चालते: आरशासमोर २४०० मिलिमीटरवर एक बारीक दिवा, परतून आलेल्या उजेडात हळूच सरकवलेलं दाढीचं पातं आणि त्यामागे डोळा. आरसा चंद्रासारखा उजळतो आणि त्याच्यावरचे उंचसखल भाग सावल्या होऊन दिसतात. काचेवर दहा सेकंद अंगठा टेकवला आणि परत पाहिलं, तर तिथे टेंगूळ उभं होतं. अंगठ्याच्या उबेनं काच फुगलेली! ते हळूहळू विरताना मी पाहिलं. आरशाला चालणारी चूक प्रकाशाच्या लहरीच्या आठव्या हिश्श्याची, म्हणजे ०.०७ मायक्रॉन: केसाच्या जाडीचा हजारावा भाग. माणसाच्या हातांना आणि दाढीच्या पात्याला हे साधतं, याचं मला अजून नवल वाटतं.

शेवटी निर्वात पात्रात ॲल्युमिनियमचा थर चढून आरसा परत आला. बांधावर दुर्बीण उभी केली आणि शनीचं कडं दिसलं, ग्रहापासून स्वच्छ सुटं.

आता शेजारची नववीतली मुलगी दुसरी चकती घासते आहे. परवा तिनं विचारलं, “काका, हा नंबर संपला का?” मी भिंग तिच्या हातात दिलं. तिनं चकती धुतली, खिडकीशी नेली, तिरपी धरली, बराच वेळ पाहत राहिली. “कडेला दोन आहेत,” म्हणाली आणि १२० चाच डबा पुन्हा उघडला.