रणगाड्याच्या पोटातला माणूस

पेठ वडगावात सेनापती धनाजी जाधवांची समाधी आहे. उभा जन्म घोड्यावर काढलेला हा सेनानी १७०८ मध्ये पायाची जखम चिघळून गेला, असे सांगितले जाते. घोडदळातल्या शिपायाचे वैरी उघड होते: तलवार, भाला, गोळी आणि नंतर जखमेत होणारा पू. मोकळी हवा मात्र त्याला भरपूर मिळत होती. दोनशे वर्षांनी इंग्रजांनी शिपायाला बंद पोलादी पेटीत बसवले. गोळीपासून तो बऱ्यापैकी वाचला, पण श्वास घ्यायची हवाच त्याची वैरी झाली.

ही पेटी म्हणजे रणगाडा. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधील सोमच्या लढाईत तो पहिल्यांदा उतरला. वजन २८ टन, चिलखत जास्तीत जास्त १२ मिलिमीटर, इंजिन १०५ अश्वशक्तीचे आणि वेग ताशी जेमतेम सहा किलोमीटर. आत आठ माणसे. नुसता चालवायलाच चौघे लागत. इंजिन वेगळ्या कप्प्यात नव्हते. ते मधोमध उघडे धडधडत होते आणि माणसे त्याच्या भोवती दाटीवाटीने बसलेली. आवाज इतका की शेजारच्याचेही ऐकू येत नसे, म्हणून गिअर बदलायचा इशारा पान्याने इंजिनवर ठोकून दिला जाई. आतले तापमान पन्नास अंशांच्या घरात जाई. चिलखतावर गोळी आपटली की आतल्या बाजूने धातूच्या बारीक कपच्या उडत, त्यासाठी चेहऱ्यावर साखळ्यांची झालर लावलेला मुखवटा घालावा लागे. पन्नास अंशांत वर हा मुखवटा!

लढाईहून परतलेली माणसे बाहेर येऊन ओकत, काही बेशुद्ध पडत, काही भ्रमात बडबडत. पुष्कळ वेळा याला भीती किंवा थकवा म्हटले गेले असेल. खरे कारण बरेचसे रसायनशास्त्राचे होते. इंजिनाच्या धुरात आणि तोफेच्या दारूच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. फुप्फुसे ठीक चालतात, हृदय धावते, पण मेंदूला ऑक्सिजन पोहोचत नाही. आधी डोके दुखते, मग मळमळ, मग विचार करण्याची ताकद जाते. सर्वांत वाईट म्हणजे आपले काही चुकते आहे हेच त्या माणसाला उमगत नाही. अशा अवस्थेत त्याने नकाशा वाचायचा आणि तोफ डागायची!

हाच वायू आज आपल्या घरात शिरतो. खिडकी बंद असलेल्या न्हाणीघरात गॅस गिझर चालू असतो आणि आंघोळीला गेलेले माणूस आतच कोसळते. हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेले कुटुंब सकाळी उठत नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत ठेवलेला जनरेटरही त्यातलाच. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर अशा वेळी दगा देते. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्त त्याला ऑक्सिजनने भरलेलेच वाटते आणि ते ९८ दाखवते. म्हणून आकड्यावर विसंबू नये. घरातल्या दोघातिघांचे एकदम डोके दुखू लागले, तर आधी सगळ्यांनी बाहेर मोकळ्या हवेत यावे, मग दवाखाना गाठावा. तिथे मास्कमधून पूर्ण ऑक्सिजन देतात. उपचार तोच आहे आणि तो जितका लवकर, तितका मेंदू वाचतो.

ब्रिटिश अभियंत्यांनी यातून शिकावे, तर १९१८ च्या मार्क फाइव्ह रणगाड्यात हवेची सोय आणखी बिघडली. यंत्र सुधारले, माणूस विसरला गेला. वैद्यकातही हे होत असते.

दुसऱ्या महायुद्धात प्रश्न बदलला. आता गोळा चिलखत भेदून आत येई आणि आतला दारूगोळा पेटे. दोष पेट्रोलला दिला जाई, पण तपासात आग बहुतेक वेळा गोळ्यांच्या साठ्यातून सुरू होते असे दिसले. रणगाड्यातले भाजणे विशिष्ट असते. अंगावर कपडे असतात, चेहरा आणि हात उघडे असतात, म्हणून तेच अधिक भाजतात. जीव वाचला तरी पुढे मूठ वळत नाही, पापणी मिटत नाही. त्वचारोपण, व्यायाम आणि वर्षानुवर्षांची चिकाटी लागते.

एक गंमतीची, पण महत्त्वाची गोष्ट याच काळातली. युद्ध संपल्यावर दोन ब्रिटिश लष्करी डॉक्टरांनी रणगाडा दलातील जखमी व मृतांची पाहणी केली. १९४५ मधल्या युद्धाच्या अखेरच्या महिन्यांत सुमारे ३७ टक्के माणसे रणगाड्याच्या बाहेर असताना सापडली होती. बाहेर कशाला जायची? अनेक कामांना, त्यातले एक म्हणजे चहा! नंतरच्या सेंच्युरियन रणगाड्यात मग पाणी उकळायचे विजेचे भांडे आतच बसवले गेले. चिलखत जाड करण्याइतकाच हाही शहाणपणाचा उपाय होता. डॉक्टरांनी नुसत्या जखमा न मोजता माणूस जखमी झाला तेव्हा काय करत होता हे विचारले, म्हणून तो सुचला.

सेंच्युरियन आपल्याही ओळखीचा. १८१७ मध्ये घोडदळ म्हणून उभी राहिलेली पूना हॉर्स ही पलटण १९६५ मध्ये तोच घेऊन सियालकोट भागात लढली. पुण्यात शिकलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर फिलोराच्या लढाईत जखमी झाले, तरी मागे गेले नाहीत. १६ सप्टेंबरला त्यांना वीरमरण आले. त्याच पलटणीचे, पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १९७१ मध्ये बसंतरला पेटलेल्या रणगाड्यात थांबले. बाहेर पडण्याचा हुकूम आला असताना, तोफ अजून चालते आहे असे त्यांनी रेडिओवर कळवले. वय अवघे २१. दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

त्यांच्या शौर्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या शरीराने काय सोसले असेल, याकडे लक्ष कमी जाते. जखमेतून रक्त जात आहे, आत धूर आहे, तापमान वाढते आहे, घाम येतो पण बंद जागेत सुकत नाही. घाम सुकला नाही तर शरीर थंड होत नाही. शरीराचे तापमान चाळीस अंशांपुढे गेले की माणूस असंबद्ध बोलू लागतो, तो उष्माघात. एप्रिल-मेमध्ये ऊसतोड करणाऱ्याला किंवा पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंग करणाऱ्यालाही तो होतो. अशा वेळी दवाखान्याची गाडी येईपर्यंत वाट पाहत बसू नये. कपडे सैल करून अंगावर पाणी ओतावे आणि वारा घालावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडाने पाणी पाजू नये.

अहिल्यानगरला (पूर्वीचे अहमदनगर) १९९४ मध्ये सुरू झालेले रणगाडा संग्रहालय आहे. तिथे माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल हे ब्रिटिश रणगाडे रांगेने उभे आहेत. मुले तोफेवर चढायला बघतात, मोठी माणसे फोटो काढतात. जाणाऱ्याने जुन्या रणगाड्यांच्या सरळ नळ्या पाहाव्यात, मग विजयंताची. तिच्या मध्यावर एक फुगीर भाग दिसेल. तो शोभेचा नाही. गोळा सुटल्यावर नळीतला विषारी धूर पुढच्या तोंडाने बाहेर ओढून काढायची ती सोय आहे, म्हणजे झडप उघडली तरी तो आतल्या माणसांच्या अंगावर येत नाही. खेत्रपालांचा ‘फामागुस्ता’ही अहिल्यानगरलाच, आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जपून ठेवलेला आहे. त्याच्या वरच्या झाकणाकडे पाहिले की लक्षात येते, जखमी माणसाला तिथून बाहेर ओढायचे म्हणजे किती अवघड काम असेल.