निरीश्वराची नीती

ईश्वर नसेल तर मनुष्याने सदाचरण का करावे? आगरकर शिकवीत असताना हा प्रश्न वर्गात दरवर्षी कोणीतरी मला विचारीच. प्रश्न प्रामाणिक आहे. म्हणून त्याचे उत्तरही नेमके असावयास हवे.

येथे दोन प्रश्न गुंतले आहेत. कृत्य योग्य कशामुळे ठरते, हा पहिला. ते करण्याची प्रेरणा कोठून येते, हा दुसरा. पहिल्याची चर्चा प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ या संवादात आहे. देवांना प्रिय म्हणून एखादी गोष्ट चांगली ठरत असेल, तर ‘देव न्यायी आहे’ या विधानाला अर्थ उरत नाही. आणि ती चांगली असल्यामुळे देवांना प्रिय असेल, तर चांगुलपणाचा आधार देवांच्या पसंतीहून वेगळा आहे. आपल्याकडेही पूर्वमीमांसकांनी कर्तव्याचा सूक्ष्म विचार केला. त्यांनी वेद प्रमाण मानले. परंतु कर्माचे फळ देण्यासाठी ईश्वर आवश्यक मानला नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गोपाळ गणेश आगरकरांच्या (१८५६–१८९५) चरित्रात सापडते. परलोकावर भिस्त नसलेल्या या बुद्धिवाद्याने सुखाची नोकरी न धरता शिक्षणकार्य पत्करले, १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला आणि बालविवाहाविरुद्ध व स्त्रीशिक्षणासाठी लेखणी झिजविली. पुण्यात त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. स्वर्गाची आशा नाही, नरकाचे भय नाही. तरीही ते ढळले नाहीत. दुःख येथलेच आहे, तेव्हा त्याचे निवारणही येथेच व्हावयास हवे, ही जाणीव त्यांना पुरेशी होती.

मी स्वतः श्रद्धावान आहे. शोकाच्या प्रसंगी भक्ती माणसाला सावरते, हे मी अनुभवाने जाणतो. परंतु केवळ भयाने पाळलेली नीती पहारेकऱ्याची पाठ वळेपर्यंतच टिकते. शिवाय ईश्वराची आज्ञा कोणती, हे ठरविताना श्रद्धावंतालाही स्वतःचाच विवेक वापरावा लागतो. त्या निर्णयाचे उत्तरदायित्व त्याला देवावर ढकलता येत नाही.

निरीश्वरवाद्याची जबाबदारी तर अधिकच जड म्हटली पाहिजे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याची भरपाई दुसऱ्या लोकी होईल, असे समाधान त्याला उपलब्ध नसते.

या शाळेचे माजी विद्यार्थी आज अभियंते, वैद्य, अधिकारी असतील. पुलाच्या कामावर वा रुग्णाच्या कागदावर सही करताना कोणी देवाचे स्मरण करील, कोणी करणार नाही. सही मात्र प्रत्येकाची स्वतःची असते.